तिसऱ्या वर्षाचा अतुलदादा

...आणि वर आई मलाच विचारते, "आरं, तुला तोंड न्हाई का?" आता तोंड आहे म्हणून तर हे सगळं झालं ना, नसतं तर बरं झालं असतं. कारण तुम्हाला सांगतो, मी त्या माणसाशी एक अक्षर खोटं बोललो नाही. मी फक्त 'हो' म्हणालो.

नीट सांगतो. आमचं घर माणमध्ये, आयटी पार्कला लागून, खाली मी आणि आई, वर तीन खोल्या भाड्यानं. पूर्वी इथं भात व्हायचा, आता भाडेकरू होतात. दोन खोल्यांत कंपनीतली पोरं, कॅबनं जातात, कॅबनं येतात, त्यांची तोंडं मला अजून नीट ओळखू येत नाहीत. तिसरी खोली रिकामी होती. मी तिथला गीझर बघत होतो, म्हणजे मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात असतो, जळालेल्या मोटारीत तांब्याची तार परत भरायची, सात वर्षं तेच करतोय... तर जिन्यावरून एक कुटुंब वर आलं. नांदेडकडचे दयानंद सर, शाळेत शिक्षक, त्यांच्या मिसेस रजनीताई आणि मागं फाइल छातीशी धरलेला कौस्तुभ. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालेला. कॉलेजच्या हॉस्टेलात जागाही मिळाली होती, पण ती पाच वाजेपर्यंत पक्की करायची होती आणि सरांचं मन होईना. एका खोलीत चार पोरं म्हणजे अभ्यास कमी, गप्पा जास्त, असं त्यांचं म्हणणं.

सरांनी नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी ओढून पाहिली आणि मग मला पाहिलं, जसा काही मीही खोलीबरोबर मिळतो.

"नाव काय बाळ?"

"अतुल."

"शिकतोस?"

इथं जरा थांबा. शिकतोस का, असं कुणी विचारलं की मी तिथून सटकायला बघतो. मी नववीत शाळा सोडली. गरिबी नाही, आजार नाही, चारचौघांत सांगावं असं एकही कारण नाही. तोंडी परीक्षेला उभा राहिलो, शब्द फुटेना, पोरं हसली, दुसऱ्या दिवसापासून मी त्या रस्त्यालाच गेलो नाही. एवढंच. आणि आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, हातात पुस्तक, त्याच्याखाली बसून मी रोज जेवतो. माझी मावसबहीण धम्मदीपा वकील आहे, ती घरी येणार असली की मला दुकानात नेमकं जास्तीचं काम निघतं.

तर "शिकतोस?" मी म्हणालो, "हो." काही ना काही तर माणूस शिकतोच ना? "इथंच?" "हो." सरांची नजर माझ्या खिशातल्या टेस्टरवर गेली. "इलेक्ट्रिकल?" आता काम इलेक्ट्रिकलचंच, मग काय म्हणू? "हो." "तिसरं वर्ष असेल." हे तर त्यांनी विचारलंसुद्धा नाही हो, त्यांनी मला सांगितलं. मी फक्त 'हो' म्हणालो.

मग खाली चहा. सरांनी फोटोकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, "शिकलेलं घर लगेच कळतं बघा. तुमचा अतुल तिसऱ्या वर्षाला, म्हणजे आमच्या पोराला घरातच मार्गदर्शन." आईच्या हातात बशी होती, ती तशीच राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता विचारणार, 'कुटलं तिसरं वर्ष?' पण तिच्या चेहऱ्यावर एकदम असं काही आलं... तिनं ते तिसरं वर्ष मनातल्या मनात एकदा डोळे भरून बघून घेतलं, बाकी काही नाही. आणि मग म्हणाली, "चा घ्या, गार हुतोय."

सर अंगणात गेले, फोन लावला आणि हॉस्टेलची जागा सोडून दिली. मी उंबऱ्यात उभा. 'थांबा' म्हणायचं होतं. म्हणालो का? नाही.

मग सुरू झालं माझं कॉलेज. सकाळी पाठीला बॅग, कौस्तुभबरोबर कोपऱ्यापर्यंत, तिथं "मला जरा लायब्ररीत जायचंय" म्हणून वळायचं आणि कॅबच्या रांगेमधून मागच्या गल्लीनं दुकान. बॅगेत डबा आणि पक्कड. आमचे मालक रवीदादा म्हणाले, "काय रं, बालवाडीत नाव घातलं का काय?" संध्याकाळी कौस्तुभ विचारायचा, "दादा, मॅथ्सला तुम्ही कुठलं पुस्तक वापरलं?" "सगळीच." "आणि सर कुठले चांगले?" "सगळेच." एवढा विद्वान त्या कॉलेजनं पाहिला नसेल.

पण पोरगं दिवसेंदिवस गप्प होत चाललं. तिसऱ्या आठवड्यात मी विचारलं, तर म्हणाला, "दादा, हॉस्टेलची मुलं एकत्र जेवतात, एकत्र अभ्यास करतात. वर्गात ती हसली की मला कळत नाही कशाला हसली. आता तिथं एक जागा रिकामी झालीये. शनिवारपर्यंत पप्पांचं पत्र द्यायचंय. पण पप्पा म्हणतात, हॉस्टेलात अतुल आहे का?"

वर्गात पोरं हसली, एवढं ऐकलं आणि मला माझा नववीचा वर्ग आठवला. मी म्हणालो, "कौस्तुभ, मी तिसऱ्या वर्षाला नाही."

"माहितीये दादा. इलेक्ट्रिकल मागच्याच वर्षी सुरू झालंय. तिसरं वर्ष अजून यायचंय."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून..."

"चौथ्या."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुम्ही बॅग लावून निघायचात तेव्हा खूश दिसायचात." मग खाली बघत म्हणाला, "आणि मला तरी कुठं इथं राहायचं होतं? पप्पा म्हणाले, ही खोली चालेल ना... मी फक्त 'हो' म्हणालो."

तिथंच सरांना फोन लावला. "सर, मी शिकत नाही. नववीत शाळा सोडली. मोटारी भरतो. कौस्तुभला हॉस्टेलला जाऊ द्या." आयुष्यात एका दमात चार वाक्यं मी पहिल्यांदा बोललो. आणि मग सर हसले हो.

"कौस्तुभनं पढवलं ना? अरे, सव्वीस वर्षं पोरं बघतोय मी, पाठ केलेलं लगेच कळतं. तुला खोटं बोलायला जमत नाही रे अतुल."

कौस्तुभनं फोन घेतला, शाखा नवीन आहे म्हणून सांगायला लागला, तर "तू तर बोलूच नकोस." मग आईला बोलावलं. तिनं पदराला हात पुसले, फोन कानाला लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "खरं हाय सर. न्हाई शिकला त्यो." तिला ते बोलायला किती जड गेलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. आणि सर काय म्हणाले? "ताई, पोरांच्या नादी तुम्हीही लागलात?"

आता माणूस शिकलेला नाही, याचा पुरावा काय द्यायचा? एकच कागद असतो, शाळा सोडल्याचा दाखला. तो मी कधी आणलाच नव्हता, कारण आणायला शाळेत जावं लागतं. गेलो. सात वर्षांनी. तेच अण्णासाहेब क्लार्क, चष्मा वर करून म्हणाले, "अतुल ना तू? मला वाटलं, कुठंतरी मोठा साहेब झाला असशील." माझी मान खाली. त्यांनी लिहायला घेतलं. इयत्ता, नववी. वर्तणूक, चांगली. "शाळा सोडण्याचं कारण?" काय सांगू? पोरं हसली म्हणून? अण्णासाहेबांनी थोडी वाट बघितली, म्हणाले, "ऱ्हाऊ दे," आणि लिहून टाकलं, पुढील शिक्षणासाठी. "सगळ्यांच्या दाखल्यावर हेच लिहितो मी. पोराचं वाईट कशाला करायचं?"

बदलून द्या म्हणायला हवं होतं. शिक्का मारून झाला होता, आणि मला कुणाला काही म्हणायला जमत असतं तर मी तिथं कशाला उभा असतो?

शनिवारी सकाळी दाखल्याचा फोटो सरांना पाठवला. दुपारपर्यंत उत्तर नाही. जागा दुसऱ्याला गेली. संध्याकाळी सरांचा मेसेज आला, 'दाखला पाहिला. म्हणजे नववीपासूनच तू शिक्षणासाठी बाहेर राहिलास, कौतुक वाटलं. हॉस्टेलचे हाल तुला माहीत असणारच, ते कौस्तुभला तूच नीट समजावून सांग.'

पोरगं वर वाट बघतंय. पप्पा फोन करून विचारणार आहेत, अतुलनं काय काय सांगितलं म्हणून. मी ते हॉस्टेल फक्त फाटकातून पाहिलंय, तेही पाण्याची मोटार जळाली होती तेव्हा... तुमच्यापैकी कुणी राहिलं असेल तर सांगा ना हो, काय हाल असतात तिथं?