एक गाठ, दोन गाठी

दारव्ह्याच्या बसच्या रांगेत मैनाबाईचे कान पुढच्या दोन ड्रायव्हरांच्या बोलण्याकडे लागले होते.

"लालसिंग, घरी मोटार असून तू रांगेत?"

"मीटर बंद पडलं, वामनराव. डॅशबोर्ड खोलून अंगणात ठेवलाय."

"कोनती तार कुठची, ध्यानात कसं राहीन?"

"घरवालीनं कशिद्याचे दोरे बांधले. लाल तारेले लाल, हिरवीले हिरवा."

"मंग झालं तं!"

"मी म्हनलं, दोन्ही दोरे सारखेच हायेत."

"अरे! इतके वर्षं ड्रायव्हरी केली, अन् तुले रंग कळत नाही?"

"लहानपनापासून. तिले काल समजलं."

"काय म्हने?"

"तिनं दोरे सोडून परत बांधले. लाल तारेवर एक गाठ, हिरवीवर दोन."

"आता बसन का ती तुह्या मोटारीत?"

"सकाळीच इचारून राह्यली होती, कळंबले चिंतामणीच्या दर्शनाले कवा नेता म्हून."