संपलेल्या सेलवरचा दिवा

तुम्हीच सांगा, मला राग येणार नाही? शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी भिंतीवरच्या घड्याळातून काढलेल्या, संपलेल्या सेलवर एलईडी पेटवणारं सर्किट ठेवलं होतं. परीक्षकांनी सेल काढून पाहिला आणि म्हणाले, “पाटीवर ‘संपलेला’ लिहितेस आणि लावतेस कोरा? अशी फसवणूक बरी नाही, बाळा.”

सेल खरंच कोरा होता! ते पुढच्या टेबलाकडे वळले.

मांडणी बघणारे चित्रकलेचे सर हळूच म्हणाले, “मीच बदलला गं. अख्खं पनवेल येणार आज, त्यांच्यासमोर गंजलेला सेल बरा दिसतो का?”

“सर, माझा सेल द्या. मी आत्ताच्या आत्ता दाखवते त्यांना.”

“तो घंटागाडीत टाकला. अगं, संपलेला होता तो!”