त्या चौकटीत टिचकी मारायची नाही

…आणि वर तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाला काय म्हणतो, तुम्हाला सांगतो, "काका, सगळं पुसून टाकू, दहा मिनिटांत कोरं करकरीत." अरे बाबा, पाटी आहे का ती? आत माझ्या लेकीचा आवाज आहे. पाच वर्षांची असताना माइक धरून बातम्या द्यायची, "आज आई बाबांना रागावली. हवामान खराब आहे." अशा चाळीस बातम्या… आणि ऐन अपडेटमध्ये वीज गेली, कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो त्या लिनक्सने मान टाकली ती टाकलीच. काळा पडदा, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय.

लावला लेकीला फोन. ती सातासमुद्रापार. एरवी रविवारी चार मिनिटं, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते. पण लिनक्स पडलं म्हटल्यावर बाईसाहेब खुर्ची ओढून बसल्या. "बाबा, नीट ऐका. तो लिनक्सचा पेनड्राइव्ह लावा, सगळं पुन्हा टाकू. डिस्कचे दोन भाग दिसतील. पहिल्यात सिस्टिम, तो पुसायचा. दुसऱ्यात तुमच्या फायली. तिथे 'फॉरमॅट'च्या चौकटीत टिचकी मारायची नाही."

आता तुमच्यापासून काय लपवायचं, दोन्ही भाग मला लख्ख दिसत होते. पण म्हटलं, "कुठे गं? एकच दिसतोय." मग ती समजावतेय, चिडतेय, मध्येच तिच्या साहेबीणबाईंची नक्कल करतेय, पुन्हा "बाबा, टिचकी मारायची नाही हं"… आणि मी आपला, "कोणती चौकट म्हणालीस?" अर्ध्या तासाचं काम मी पावणेतीन तास पुरवलं. स्वयंपाकघरातून ही म्हणते, "अहो, सोडा तिला, कामं असतील." कशाला सोडू?

शेवटी ती म्हणाली, "युजरनेम जुनंच टाका, तरच जुनं फोल्डर उघडेल. काय होतं?" मी म्हटलं, आठवत नाही. आठवत नसायला काय झालं? तिनेच शाळेत असताना ठेवलेलं. पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं ना.

"ढम्या, बाबा. ढम्या," म्हणाली आणि खदाखदा हसली. तेवढं हसणं कुठल्या फोल्डरात ठेवता येतं का, सांगा.

उघडलं. चाळीसच्या चाळीस बातम्या जागच्या जागी. टिचकी मारलीच नव्हती ना मी.

तर लेक म्हणते, "किती त्रास झाला तुम्हाला. आता एक सोय करून ठेवते. यापुढे काही बिघडलं, तर मी इथूनच आत शिरून दुरुस्त करीन. तुम्हाला फोनसुद्धा करावा लागणार नाही."

मी म्हटलं, "वा. हे बरं केलंस."