तीन वेळा परगावी

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर आणि चौतीस वर्षं माझी बोलणी खाल्लेल्या रंगखात्यातल्या बंधू-भगिनींनो,

मघाशी एका वक्त्यांनी सांगितलं, "फोरमनसाहेबांनी कधी काही लपवलं नाही." ते ऐकलं आणि माझी मान खाली गेली.

गेल्या सहा वर्षांत मी तीन वेळा पुतणीकडे म्हणून रजेवर गेलो. मंडळी, मला पुतणीच नाही! माझ्या लघवीच्या पिशवीत कर्करोगाच्या गाठी होत होत्या. दुर्बिणीतून काढल्या, की वर्षा-दोन वर्षांत पुन्हा हजर. इथल्या इस्पितळातही त्या निघाल्या असत्या. पण तिथं डॉक्टर बाई, आणि बाहेरच्या बाकावर निम्मा कारखाना. मग बारा तासांचा प्रवास, परकं इस्पितळ, पूर्ण भूल. कशासाठी? तर चारचौघांत कळू नये म्हणून.

माझं सोडा. दोन वर्षांपूर्वी, रंगाच्या हौदावर माझ्याबरोबर वीस वर्षं राबलेला आपला पैलवान मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, लघवी लाल होतेय. दुखत नाही काही. दाखवू का कुणाला?"

मला सगळं ठाऊक होतं. तरी मी काय म्हणालो? "अरे, रंग लागला असेल. पाणी पी भरपूर." खरं सांगितलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं ना!

यंदा गाठी चौथ्यांदा आल्या. बायको म्हणाली, "या वेळी मी बॅग भरणार नाही. लाज घरी ठेवा आणि इथंच चला." गेलो. डॉक्टरबाईंनी तपासलं. "काका, दोनच आहेत, मसुराएवढ्या. तेवढीच जागा बधिर करून जाळू. दुपारी घरी जेवाल."

एवढंच होतं हो!

बाहेर आलो, तर बाकावर पैलवान. वाळलेला. "साहेब, तुम्ही इथं?" त्यानं विचारलं.

"काही नाही रे, बीपी," मी म्हणालो. तेव्हासुद्धा!

त्याला फार उशीर झाला होता. अख्खी लघवीची पिशवी काढावी लागली. आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय, माझ्यासाठी टाळ्या वाजवत.

रंगखात्यातल्यांनो, आपल्या रंगांमुळेही हा रोग होतो. लघवीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दाखवा. माझ्यासारख्याला विचारू नका.

हा निवृत्तीचा समारंभ घडवून आणणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. पैलवानाची माफी मात्र माईकवरून मागण्यासारखी नाही.

पैलवान, उठू नकोस. मीच येतो खाली.