फी माफ, पावती दाखवा

आणि वर ती काउंटरवरची पोरगी मला म्हणते, टोकन घ्या! मला! अहो, याच लग्ननोंदणीच्या ऑफिसनं माझ्या आत्याचं लग्न लावलंय, तेही उघड्या मैदानात, तेही फुकट, तेही दंड भरून... आता फुकट आणि दंड भरून हे एकाच वेळी कसं, असं विचारू नका, तेच सांगतोय ना! खरं सांगतोय, अगदी शपथेवर, यातला एक शब्द खोटा निघाला तर माझी जीभ झडो! म्हणजे... एखाददुसरा शब्द झाला असेल इकडचा तिकडे, गोष्ट म्हटली की चिमूटभर मीठ पडतंच, तेवढ्यावरून जिभा झडायला लागल्या तर जगात बोलणार कोण? पण मी स्वतः साक्षीदार होतो. सही आहे माझी. थोडी वाकडी आहे, पण आहे.

तर ते साथीचे दिवस. ते दिवस परत नकोत हो, शत्रूवरही येऊ नयेत, पण तुम्हाला सांगतो, रस्ते काय सुंदर दिसायचे! प्रत्येक दुकानासमोर खडूची वर्तुळं. बेकरीवाल्याची लांबुडकी, कारण त्याची पाठ दुखायची, तो वाकायचा कमी आणि ओढायचा जास्त. औषधवाल्याची अशी गोल, की बघत राहावं! आम्ही आपले वर्तुळात उभे, एकमेकांना लांबूनच, "काय, जिवंत का?" "आहे, आहे! तुम्ही?" एवढी आपुलकीची चौकशी त्याआधी कधी केली होती कोणी?

आणि सरकार! सरकारनं तर त्या दिवसांत असे काही पत्ते पिसले, असे पिसले, की राजा कुठे आणि दुर्री कुठे, त्यांचं त्यांना कळेना. हॉल बंद ठेवायचे, उघड्यावर कामं करायची, आजारी माणसाच्या जागी दुसऱ्याला बसवायचं. जन्माची नोंद गेली ग्रंथालयाच्या खिडकीत. आता तिथल्या बाईंचा जन्म गेला पुस्तकं देण्यात, त्या बाळाच्या बापाला सवयीनं म्हणाल्या, "पंधरा दिवसांत परत करा, पानं दुमडू नका!" तो बिचारा रडवेला. आणि लग्ननोंदणी कुठे गेली, सांगा बघू? वाहन परीक्षेच्या मैदानावर! जिथे आपण लायसन्ससाठी आठचा आकडा काढतो ना, तिथे! कारण काय, तर हवेशीर.

आणि सगळ्यात मोठी बातमी, सगळ्या फिया माफ! दाखल्याची माफ, नोंदणीची माफ, नकलेची माफ. आम्ही म्हटलं, वा, सरकारला पाझर फुटला! पाझर फुटला खरा, पण नळ कुठे जोडायचा तेच विसरले, ते पुढे येईल.

आता आत्या. माझ्या बापाची धाकटी बहीण. शाळेत शिकवायची, सगळ्या वर्गांना धाक. आईबाप गेल्यावर मला तिनंच वाढवलं, आणि वाढवून झाल्यावरही वाढवतच राहिली. मी पन्नाशीला टेकलो तरी माझं लग्न जमवायचा तिचा उद्योग चालूच होता. माझं लग्न जमवता जमवता तिनं स्वतःचं कधी जमवलं, मला पत्ता नाही!

म्हणजे पत्ता होता. पुलापलीकडचे घड्याळजी. विधुर माणूस, एकटाच, दुकानामागे घर. आत्याचं एक मनगटी घड्याळ होतं, ते दर आठवड्याला बिघडायचं. दर आठवड्याला! ती ते घेऊन पुलापलीकडे जाणार, घड्याळजी डोळ्याला भिंग लावून ते उघडणार, चहा येणार, गप्पा होणार, घड्याळ दुरुस्त होणार, आणि घरी आलं की पुन्हा मागे पडायला लागणार. मी एकदा म्हटलं, "आत्या, त्या माणसाला काम येत नाही, दुसरीकडे दाखव." अशी बघितली माझ्याकडे! मग कळलं, तो बाबा दर वेळी मुद्दाम ते मागे पडेल असं लावून देतो, आणि हिला ते माहीत आहे, आणि हिला माहीत आहे हे त्याला माहीत आहे. इतकी वर्षं दोघं एकमेकांना बिघडवून देत होते, पण लग्नाचा शब्द काढतील तर शपथ!

मग पूल बंद झाला. इकडची माणसं इकडे, तिकडची तिकडे. सरकारी कामासाठी पूल ओलांडायला परवानगी, माणसासाठी नाही! अपवाद एकच, पलीकडे घरचं माणूस असेल, रक्ताचं नाहीतर लग्नाचं, तर कागद दाखवायचा आणि त्याच्याकडे राहायला जायचं. आता घड्याळजी कोण आत्याचे? घड्याळजी!

मग रोज फोन. मोठ्या आवाजात, स्पीकर लावून, मी तिथेच भांडी घासतोय. एके दिवशी बोलता बोलता ती थांबली. म्हणाली, "अहो, तुमच्यामागे टिकटिक ऐकू येत नाहीये." तिनं फोन आणखी जवळ ओढला. "घड्याळांना किल्ली दिली नाहीत?" तेव्हा तो माणूस कसा बोलला सांगू... असा, अगदी खालच्या आवाजात, "कोणासाठी देऊ? चार दिवस ताप होता. शेजारी कोणाला कळलंही नाही. घड्याळं एकेक करून थांबत गेली, मी पडून ऐकत होतो."

तुम्हाला सांगतो, माझ्या हातातला साबण निसटला. आत्यानं फोन ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "गाढवा, गाडी काढ. मला लग्न करायचंय."

"कोणाशी?" मी. बघा हं, काय पण प्रश्न!

"तुझ्याशी! अरे, त्यांच्याशी! परवापासून सरकारी कामालाही पूल बंद होणार आहे. आज दुपारी त्यांना मैदानावर बोलावलंय."

"त्यांनी होकार दिला?"

"विचारलं कुठे? वेळ सांगितली."

आता मैदानावर साहेब कोण? लग्ननोंदणीचे खरे अधिकारी पडले आजारी, त्यांच्या जागी बसवलेले वाहन परीक्षक. यांना अख्खं शहर ब्रेकसाहेब म्हणायचं. कारण आयुष्यभर शिकाऊंच्या शेजारी बसून त्यांचा उजवा पाय असा झालेला, की खुर्चीत बसले तरी मधेच खाली दाबला जायचा. धाड्! आम्ही गेटातून आत शिरतोय तोच ते शिट्टी फुंकून म्हणाले, "आधी आठ काढा!"

"साहेब, लग्न आहे."

"असेल. मैदानात गाडी आली की आठ निघालाच पाहिजे. काढा. आता रिव्हर्स. आरशात बघा, आरशात! मागे बसलेल्या बाईंकडे काय बघताय!"

लग्न आत्याचं आणि परीक्षा माझी! घाम पुसत गाडी लावली, तर समोरून घड्याळजी सायकलवर. इस्त्रीचा शर्ट, तोंडाला फडकं, तापानं अर्धे झालेले, आणि कॅरियरला टेबलावरचं एक गजराचं घड्याळ बांधलेलं. नवरीसाठी भेट म्हणून! ब्रेकसाहेबांनी सायकलभोवती एक चक्कर मारली, ब्रेक दाबून बघितला, म्हणाले, "ठीक आहे. वर्तुळात उभे राहा."

वर्तुळं चुन्यानं आखलेली. एकात आत्या, पार तिकडच्यात घड्याळजी, मधे मी साक्षीदार. दुसरा साक्षीदार म्हणून गेटवरचा पहारेकरी, तो डुलक्या खात होता पण उभा होता. आणि टेबलाशी कॉम्प्युटरवाल्या बाई. नाव झालं, वय झालं, आत्यानं वय सांगताना माझ्याकडे असं बघितलं की मी ढगांकडे बघायला लागलो. आणि मग बाई म्हणाल्या, "पावती दाखवा."

"कसली?"

"फी भरल्याची."

"फी तर माफ आहे ना?"

"हो, माफ आहे. पावती दाखवा."

"अहो, भरलीच नाही तर पावती येणार कुठून?"

"ते मला माहीत नाही. इथे पावतीचा नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"शून्य टाका."

टाकलं. पान हलेना. "नऊ वेळा नऊ टाका." टाकलं. हूं की चूं नाही. "बरं, आम्ही हौसेनं फी भरतो, घ्या!" तर म्हणे, घेता येत नाही, माफ आहे! कळला का घोळ? सरकारनं फी काढून टाकली, आणि पावतीची चौकट तशीच ठेवली! म्हणजे शंभर फी असती तर लग्न झालं असतं, फुकट होतं म्हणून होईना!

ब्रेकसाहेबांचा पाय, धाड्! "उद्या या."

"उद्या किती वाजता?" घड्याळजी.

"उद्या मैदान बंद आहे."

मी आत्याकडे बघितलं. आत्या घड्याळजींकडे बघत होती. तो माणूस आपला कॅरियरवरच्या घड्याळाची दोरी सोडायला लागला... म्हणजे निदान भेट तरी देऊन जावी म्हणून. ज्या हातांनी उभा जन्म केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्यांना दोरीची गाठ सुटेना.

तेवढ्यात आत्याचा वर्गातला आवाज, "तो फलक कोणी वाचलाय का?" भिंतीवर फलक होता. तिनं मोठ्यानं वाचला, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल असा. "सर्व शुल्क माफ. दंड माफ नाहीत." मग बाईंकडे वळून, "दंड भरला की पावती मिळते?"

"मिळते की! हल्ली तीच तर मिळते!"

"आणि नंबर?"

बाईंचे डोळे असे मोठे झाले. "नंबर... नंबर असतो की त्याला!"

बस्स! मी धावत गेलो आणि गाडीचा हॉर्न असा वाजवला, असा वाजवला की पहारेकरी जागा होऊन सलाम करायला लागला. तर बाई म्हणतात, "तो दंड गाडीच्या मालकावर. तुमच्या नावावर. तुमचं लग्न आहे का?" नाही हो, माझं कुठलं! मग घड्याळजी म्हणाले, बघा, किती सरळ माणूस, म्हणाले, "मी... मी थुंकू का?"

"काही गरज नाही!" आत्या गरजली. "लग्नाच्या दिवशी थुंकणार? आणि आयुष्यभर मी ऐकायचं?"

आणि निघाली. त्या चुन्याच्या वर्तुळातून बाहेर पाय टाकला, चालत चालत तिकडे गेली, आणि त्याच्या वर्तुळात जाऊन उभी राहिली. त्याच्या हातातली दोरीची गाठ सोडवली. मग तो हात सोडलाच नाही तिनं.

ब्रेकसाहेब उठले. टेप घेतली हातात. पुढे आले, वाकले, मापायला गेले... आणि टेप परत गुंडाळली. घसा खाकरला. "बाई, लिहा. दोन घरच्या दोन व्यक्ती. ठेवलेलं अंतर..." पाय एकदा दाबला गेला. "अंतर नाही."

"पावत्या दोन करू की एक?"

"एकच करा. गुन्हा दोघांनी मिळून केलाय."

दंड मी भरला. आत्याच्या लग्नात माझा आहेर तेवढाच. नंबर टाकला, आणि तुम्हाला सांगतो, पान उघडलं! मशीन एका शब्दानं विचारेना, पावती कसली म्हणून. भराभरा सगळी पानं पुढे गेली, सह्या झाल्या, आणि ब्रेकसाहेब सवयीनं शिट्टी फुंकून ओरडले, "पास!"

मी म्हटलं, "चल आत्या, सामान घेऊ, मी पुलापर्यंत सोडतो." तर ती केव्हाच सायकलच्या कॅरियरवर! मांडीवर ते घड्याळ. म्हणाली, "सामान उद्या पुलावर पोलिसांकडे आणून दे. आणि गॅस बघ रे चालू राहिलाय का." गेले की दोघं! पुलावरच्या पोलिसाला दाखला दाखवताना दिसले, मग उतारावर दिसले, मग नाही दिसले. एवढ्या मोठ्या मैदानात मी, माझी गाडी आणि दोन रिकामी वर्तुळं. साहेब म्हणाले, "जाताना उजवीकडचा आरसा बघत जा."

ते दिवस परत नकोत हो. पण आता बघा ना, काचेचं ऑफिस, थंडगार हवा, फी पुन्हा सुरू, पावती तर अशी झटकन येते की विचारू नका, आणि माणूस माणसाकडे बघत नाही. टोकन घ्या म्हणे! आता पूल उघडा आहे, कोणीही जावं, कोणीही यावं. आत्या येते की, सणासुदीला आल्यासारखी, घड्याळ दुरुस्त झाल्यापासून वेळेवर येते आणि वेळेवर जाते. मला काय, माझं उत्तम चाललंय! घर कसं शांत. दिवा चालू राहिला तर ओरडणारं कोणी नाही, रात्रभर चालू ठेवा. मनासारखं जेवा, नका जेवू. खरं सांगतो, एवढा सुखी मी कधीच नव्हतो.

आता तुम्ही विचारणार, यातलं खोटं किती? ग्रंथालयाच्या बाई? खऱ्या. आठचा आकडा? खरा, एक बाजू थोडी चेपली होती. अंतराचा दंड? पावती आत्यानं फ्रेम करून लावलीय, जाऊन बघा.

खोटं एवढंच, ते एवढा सुखी कधीच नव्हतो म्हटलं ना, ते.