भागाबाईची भाकरी कुठून निघते

मी मूळची जांभूळ गावची. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन बदलापूरला बेलवलीत आले, तिथं सासूनं, भागाबाईनं, मला तांदळाची भाकरी शिकवली, म्हणजे शिकवली काय, पहिली फाटली ती कोंबड्यांपुढं टाकली आणि म्हणाली, दुसरी कर. एवढंच शिकवणं. नंतर धाकटी जाऊ आली, यमुना, तिलाही तसंच. पुढं सासू गेली, माझे मालक गेले, आणि माझं यमुनाशी वाजलं. कशावरून ते सांगत नाही, चूक दोघींची होती, तिची जास्त. ती बेलवलीच्या घरात राहिली, मी मुलाला घेऊन स्टेशनच्या पूर्वेला शिरगावात भाड्यानं राहायला आले, नऊ वर्षं तिचं तोंड बघितलं नाही.

मुलगा अंबरनाथला कंपनीत जातो. सून सुवर्णा, हुशार आहे, पण हुशार माणसावर नजर ठेवावी लागते. ती म्हणाली, आई, तुमचं जेवण मोबाईलवरून विकू. नाव काय ठेवायचं, तर मीच सांगितलं, भागाबाईची भाकरी. जेवण विकायचं लायसन काढलं रेशनकार्डावरून, आणि रेशनकार्डावर पत्ता अजून बेलवलीच्या घराचा. मी विचारलं, चालेल का हे? ती म्हणाली, कागदाचं कागदावर, नकाशात टिंब मी आपल्या घरावर लावलंय, बाईकवाला टिंब बघून येतो. आणि येत होता. मोबाईल वाजायचा, आम्ही डबा भरायचो, बाईकवाला न्यायचा, सहा महिने तक्रार नाही.

मग ॲप नवीन करून घ्या असं आलं, सुवर्णानं करून घेतलं. दुसऱ्याच दुपारी ऑर्डर आली, वालाचं बिरडं आणि दोन भाकऱ्या. डबा भरून ओट्यावर ठेवला. थोड्या वेळानं मोबाईल म्हणतो, ऑर्डर उचलली. कोणी उचलली? डबा माझ्या नाकासमोर. मग म्हणतो, पोचली. मग गिऱ्हाईकाचे पाच तारे आले. काय सांगू तुम्हाला, घरातून न हललेल्या जेवणाला पाच तारे. त्या आठवड्यात असं चार वेळा झालं आणि चारही वेळा आम्हीच ते बिरडं संध्याकाळी खाल्लं.

मला पहिला संशय सुवर्णाचा. म्हटलं, तू भलतं बटण दाबतेस. ती म्हणाली, आई, उचलल्याचं बटण बाईकवाल्याकडं असतं, माझ्याकडं नाहीच. मग बाईकवाल्याचा संशय आला. पार्सलचे डबे आणायला उल्हासनगरला कॅम्पात गेले तर तिथला सिंधी दुकानदार म्हणाला, अम्मा, ऑनलाइन में सब गोलमाल है, तुम्हारे नाम से कोई और पका रहा होगा. ते माझ्या डोक्यात बसलं. माझ्या नावाखाली कोणाचं जेवण जातंय? उद्या कोणाचं पोट बिघडलं तर शिव्या भागाबाईला आणि मला.

ॲपवाल्यांना लिहिलं, तर लगेच उत्तर, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. म्हटलं, समजतोस तर सांग की. पुन्हा तेच, समजू शकतो. सुवर्णा म्हणाली, आई, तो माणूस नाही, मशीन आहे. मग माणसं कुठं गेली त्यांची?

आणि एका गिऱ्हाईकानं जेवणाचा फोटो टाकला. सुवर्णानं मोठा करून दाखवला. बिरड्यात शेवग्याच्या शेंगा. मी शेंगा घालत नाही, विकत घेऊन कोण घालणार? शेवग्याचं झाड बेलवलीच्या अंगणात आहे. बाजूला भाकरी, कड सुरीनं कापावी तशी सारखी. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. म्हटलं, सुवर्णा, रिक्षा बोलव.

बेलवलीच्या घरासमोर पिठाची गिरणी आहे, तिथं दळणाच्या बायकांत बसून राहिले. साडेबाराला बाईक आली. पन्नाशीचा गडी होता, मिशी पांढरी. दाराशी मोबाईल धरून म्हणाला, मौसी, दो भाकरी, एक बिरडा. आणि यमुना डबा घेऊन बाहेर आली, डबा तयारच.

मी उठले. म्हटलं, यमुने, माझ्या नावानं विकतेस? ती दचकली नाही. म्हणाली, जाऊबाई, मी कुठं विकते, ही माणसं दारात येतात, भागाबाईची भाकरी इथंच ना विचारतात, पहिल्या दोघांना परत लावलं, त्याच ऑर्डरीला तिसरा आला, म्हणाला नकाशात इथंच दाखवतंय, रिकामा गेलो तर माझ्यावर येईल. सासूचं नाव घेऊन आलेल्याला रिकामा कसा लावू? घरात केलेलं होतं, ते दिलं. म्हटलं, नाव मी ठेवलंय. ती म्हणाली, सासू माझी पण होती. गिरणीतल्या बायका ऐकत होत्या, त्यातली एक हसली पण. मग यमुनानं हळूच काय विचारलं, तर तारे किती पडले?

पैसे माझ्या खात्यात येत होते, तिला दमडी नाही. फायदा नसताना माणूस काही करतं तेव्हा जास्त सांभाळायचं. पडले होते पाच, मी सांगितलं, चार. तिनं तोंड वाकडं केलं.

घरी येऊन सुवर्णाला म्हटलं, टिंब हलव. हलवलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा बेलवलीत. शेवटी ॲपमधून एक खरी बाई फोनवर आली, तिनं सांगितलं, मॅडम, नव्या ॲपमध्ये तुमच्या लायसनवर जो पत्ता आहे तिथंच तुमचं किचन धरलं जातं, आता बदलायचं तर नवा पत्ता सिद्ध करा. नव्या पत्त्याला घरमालकाचा करारनामा लागतो, आणि घरमालक म्हणतो, फ्लॅटमध्ये धंदा करता हे मी लिहून देणार नाही. त्याला बिरडं दिलं, खाल्लं, तरी नाही म्हणाला.

मग दोनच वाटा उरल्या. एक तर भागाबाई बंद करायची, नाही तर नकाशात ती जिथं दिसते तिथं जायचं. बंद करून मी काय करू, भिंत बघत बसू? महिनाभर विचार केला आणि पीठ घेऊन बेलवलीत गेले. यमुना म्हणाली, एक शेगडी तुमची, एक माझी. पैसे अर्धे अर्धे, ते मीच बोलले, उगाच उपकार नकोत.

आता चार महिने झाले. आम्ही फार बोलत नाही. ती बिरडं करते, मी भाकरी. ती मीठ घालते तेव्हा मी बघते, मी भाकरी टाकते तेव्हा ती बघते. मोबाईल माझ्या कमरेला. तारे मी वाचून दाखवते, पण सगळे नाही. सुवर्णा म्हणते, आई, आता तरी विश्वास ठेवा. कोणावर? मशीनवर नाही, यमुनावरही नाही, म्हणून तर रोज जाऊन उभी राहते.

तुमचं लिहून झालं असेल तर वाचून दाखवा, मी बोलले तेवढंच आहे ना बघू दे. नको, राहू दे, नंतर बघेन. तुमची पोरंबाळं सुखात राहोत. मला निघू दे, दहा वाजले, शेगडीजवळ ती एकटीच असेल.