फाटकाची रुंदी

—नाही हो बाई, तिथं नका बसू, त्या निलगिरीखाली मॅगपाय चोच मारते डोक्यात, पिल्लं आहेत तिची घरट्यात. इथं या, बाकाच्या ह्या टोकाला. हं. काय म्हणत होता तुम्ही—विसात एक? शाळेतल्या वीस पोरांमागं एकाला हा एडीएचडी, म्हणजे चित्त थाऱ्यावर न राहण्याचा आजार? बरं. गेल्या साली तुमच्यासारखेच एक साहेब सिडनीहून आले होते, असेच वही घेऊन, ते म्हणाले दहात एक. म्हणजे वर्षभरात निम्मी पोरं बरी झाली म्हणायची—का मोजणारा बदलला? रागावू नका, मी अडाणी माणूस, विचारतो आपलं.

घंटेला वेळ आहे अजून. घंटा झाली की मी ही थांबाची पाटी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहणार, पोरं पार करणार, आणि मग साडेतीनला समोर पास्कोबाईंकडे—खालच्या शाळेच्या हेडबाई त्या. आमच्या ब्रॉनीचा निकाल आज. परीक्षेचा नव्हे हो! माझी नात, नऊ वर्षांची. डॉक्टरचा कागद दाखवला नाही तर वीस दिवस घरी बस, म्हणाल्या. सांगतो, सगळं सांगतो, घाई कसली.

चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या मी. मेंढ्या मोजायच्या तर आधी काय बघायचं? मेंढ्या? छे. फाटक बघायचं. फाटक किती उघडलंय, त्यावर आकडा. फट ठेवली तर एकेक येते, सताड उघडलं की लोंढा, आणि मोजणारा म्हणतो बापरे, केवढ्या ह्या! आता हा रस्ता बघा. वर टेकडीवर कोटवाल्यांची, भरमसाट फीची शाळा, खाली आमची सरकारी. वरच्या शाळेतलं पोरगं खिडकीबाहेर बघायला लागलं की आई त्याला गाडीत घालून सिडनीला नेते, आठवड्यात कागद हातात—मग त्याला परीक्षेत जास्तीचा वेळ, पुढचा बाक, बाईंचं गोड बोलणं. खालच्या शाळेतलं पोरगं खिडकीबाहेर बघतं, तेव्हा त्याला खिडकीबाहेरच नेऊन उभं करतात. खोड एकच, बाई. वर तिला आजार म्हणतात, खाली माज म्हणतात. परवा टेकडीवरची एक आई मला इथंच म्हणाली, "मर्व, आमच्या दोघांनाही निघालं हो!"—जसं काही पोहण्यात पदकं मिळालीत. आणि खालची एक आई, तिच्यामागनं येऊन कानाशी, "मर्व, आमच्याकडे तसलं काही नाही हं, नुसता वांड आहे तो." अशी तुमची मोजणी. वर सताड, खाली फट, आणि दोन्हीची बेरीज म्हणे विसात एक!

ब्रॉनी? तिच्या पायाला भिंगरी. उन्हाच्या चार टोप्या हरवल्या ह्या वर्षात. टोपी नाही तर खेळ नाही असा नियम आहे, म्हणून मधल्या सुट्टीत ती बसलेली असते—बसणं हीच तर तिची पंचाईत, आणि शिक्षा काय, तर बस. गेल्या सोमवारी पास्कोबाई अख्ख्या शाळेसमोर शिस्तीवर बोलत होत्या, हिनं मध्येच ओरडून सांगितलं, "बाई, मागं टाकी वाहतेय!" वाहतच होती. ह्या दुष्काळात! नळ बंद केला शिपायानं धावत जाऊन, आणि वहीत काय लिहिलं? व्यत्यय. तिसऱ्यांदा.

पण तिला काही नाही असं मी म्हणत नाही. आहे. गणितं करताना पेन्सिल फेकते न् रडते—"पॉप, माझं डोकं थांबतच नाही." आजोबाला पॉप म्हणते ती. मेंढी लाथा झाडायला लागली की कच्चा गडी तिला दाबतो, मग ती जास्तच झाडते. मी ढुंगणावर बसवायचो, पाठ गुडघ्यांना टेकवायची, की गप्प. धरायचं कसं ते कळलं पाहिजे. त्याला हल्ली कागद लागतो म्हणतात—लागू दे.

डॉक्टर इथं तीन महिन्यांतून एकदा येतो, नंबर लागायची यादी चौदा महिन्यांची. नाव माझ्या बायकोनं घातलं होतं, नोलानं, आणि महिन्याभरात ती गेली. पास्कोबाई विचारतात, "मर्व, डॉक्टरच्या तारखेचं पत्र आलं का?" मी म्हणतो, नाही. ब्रॉनीची आई लांब खाणीवर कामाला, तिथनं फोन करते, "बाबा, पत्र?" नाही. टपाल कसं ते तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणतो.

तशी… पत्रं येतात. पण पत्रं नोला वाचायची ना. तिच्यामागं आलेली सगळी मी बिस्किटांच्या डब्यात ठेवलीत, एक टाकलेलं नाही हां. एक डबा भरला, दुसरा काढला. नाही नाही, चष्मा आहे की हा. चष्म्याचं काम नाही ते. शाळेत एक वर्ष बसलो मी—बसलो कुठला, बसवत नव्हतं म्हणून छड्या, आणि छड्या नकोत म्हणून मेंढ्या. तेव्हा वही घेऊन कुणी येत नव्हतं. ह्या पाटीवरचा शब्द तेवढा ओळखतो मी, तोही तांबडा आहे म्हणून.

त्यातलं हे एक टोपीत घालून आणलंय. कोपऱ्यात लहान मुलाचं चित्र आहे, म्हणून वाटलं हेच असेल. तुम्ही… वाचता? हळू. त्या समोरच्या आया बघतायत.

डॉक्टरची वेळ नऊ जून. नऊ जून, आणि हा सप्टेंबर. न आल्यास नाव कमी—हं. नको, पुन्हा नका वाचू. कळलं.

एक विचारू? कागद नसलेली पोरं तुमच्या वहीत कुठल्या खान्यात? खानाच नाही? बरं. म्हणजे ब्रॉनी तुमच्या विसातही नाही आणि एकातही नाही. आणि मी मघापासून टेकडीवाल्यांच्या नावानं बोंबलतोय. तिचं फाटक तर मीच लावून घेतलं, डब्याच्या झाकणासारखं.

साडेतीनला टपालाला शिव्या घालाव्या म्हणत होतो. नको. सांगतो पास्कोबाईंना, पोरीला घरी बसवू नका, म्हाताऱ्याला वाचता येत नाही. ब्रॉनी असेल तिथंच. ऐकू दे.

घंटा झाली. ती बघा, सगळ्यांच्या पुढं, टोपी नाही डोक्यावर! द्या तो कागद, घडी नका मोडू. आणि बाई, पाटी वर आहे तोवर माझ्याशी एक अक्षर बोलू नका—एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष राहत नाही माझं.